फळ्यावरचा आकडा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्यांना फोन केला. इंजिनातला मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कोणत्या वेगाला सर्वांत जास्त पिळवटून थरथरेल, याचा अंदाज प्रत्येकाने आधी फळ्यावर लिहायचा आणि मगच संगणकाला विचारायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "सिलिंडर किती? फ्लायव्हील केवढं?" मग म्हणाले, "मिनिटाला अठराशे फेऱ्यांच्या आसपास धर. आणि काय गं, इंजिनाची तब्येत विचारायला फोन करतेस, माझी कधी विचारणार?"

"तुम्हाला काय धाड भरलीय, बाबा!"

"बरं, हे मी सांगतो ते माहीत आहे का तिथे कुणाला?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी कामावर गेले. फळ्यावर माझा अठराशे तसाच होता आणि संगणकाचं उत्तर आलं होतं, अठराशे वीस. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांचा हात कुणी धरू शकत नाही." मग नव्या इंजिनाचा नकाशा टेबलावर पसरून त्यांनी मार्कर माझ्यापुढे धरला. "हं, याचं सांगा."

मी मार्कर घेतला नाही.

"मला हे कधीच जमलं नाही, साहेब. इथे लिहिलेला प्रत्येक आकडा माझ्या बाबांचा होता."