वजा केलेली हालचाल

"तिन्ही स्कॅनमध्ये काकांचा मेंदू गप्प आहे. कायद्याप्रमाणे श्वासाचं यंत्र आज बंद करावं लागेल, काकू," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या.

"स्कॅन करताना गाणं लावलं होतंत ना?" वसुधाकाकूंनी विचारलं.

"त्यांच्या आवडीचंच. डोकं तेवढं केसभर हललं. त्याने चित्र बिघडतं, म्हणून संगणक हालचाल वजा करतो."

"कधी हललं?"

डॉक्टरांनी गाणं पुन्हा लावून वजा केलेली हालचाल पडद्यावर आणली. काकूंनी मांडीवर ताल धरला. रेघ सपाट सरकत होती आणि बरोबर समेवर उसळत होती. प्रत्येक समेवर.

"अहो, हे दाद देताहेत!" काकू किंचाळल्या.

डॉक्टरांनी शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. सकाळीच त्यांनी तिथल्या बाईंचं यंत्र बंद केलं होतं. त्या बाईंचंही डोकं हललं होतं.