बियाण्याचं वांगं

नूतनच्या सासूबाईंची बॅग कालच भरून झाली होती. उद्या सकाळी अमळनेरची गाडी. सासरे गेल्यावर त्यांना सुरतेला आणलं खरं, पण चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव रमला नाही. चातुर्मास तोंडावर आला होता; तो बसला की वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. म्हणून निघण्याआधी भरीत करायचं ठरवून नूतन त्यांना बारमाही शेतकरी बाजारात घेऊन आली. सासूबाईंनी हाताला हलकी लागणारी, कमी बियांची वांगी निवडली. मग टोपलीखाली टाकून दिलेलं पिवळं, जून वांगंही उचललं. “बा, ए नै खवाय,” शेतकरी गुजरातीत म्हणाला. “हाई खावाकरता नही, बीकरता शे.” त्यांनी ते पदराने पुसलं आणि नूतनकडे न बघता विचारलं, “गॅलरीमा दोन तेलना डबा बसतीन ना? चंपाषष्ठीले घरनं भरीत व्हई.” “चार बसतील,” नूतन म्हणाली, आणि तसलंच दुसरं वांगं शोधायला वाकली.