फोटोबरहुकूम

खुर्ची दोन बोटं डावीकडे सरकवून बाईंनी हातातल्या फोटोशी पुन्हा ताडून पाहिली आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "आता या."

त्यांचा नवरा, म्हणजे नट, बाहेर आला. सरळ चालत टीपॉयपर्यंत पोहोचला, त्याला वळसा घालून खुर्चीत बसला आणि उजवा हात लांबवून कॉफीचा कप अचूक कानाला धरून उचलला. कुठे अडखळणं नाही, कुठे चाचपडणं नाही. या माणसाला वर्षभरापासून काहीच दिसत नाही, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. डोळेही पहिल्यासारखेच टपोरे होते.

बाईंची उभी हयात शूटिंगवर कंटिन्युइटी सांभाळण्यात गेली होती. एका प्रसंगाचा अर्धा भाग आज चित्रित व्हायचा, उरलेला पुढच्या आठवड्यात. तोवर बाही किती दुमडलेली होती, फुलदाणी कुठे होती, हे कुणी लक्षात ठेवायचं? बाईंनी. म्हणून त्यांच्या गळ्यात कायम इन्स्टंट कॅमेरा असे. बटण दाबलं की करकरत फोटो बाहेर, आणि थोड्या वेळात त्यावर चित्र हजर. ना निगेटिव्ह, ना लॅबच्या खेपा. पुढे डिजिटल पडदे आले. कॅमेऱ्याची फिल्म बनायचीच बंद झाली, मग काही हौशी लोकांनी ती पुन्हा सुरू केली, तीही चांगली महाग करून. बाईंनी कॅमेरा सोडला नाही. मोबाइलमधला फोटो भिंतीला चिकटवता येत नाही, एवढं म्हणून त्या विषय संपवत.

आता हेच कसब घरी कामाला आलं होतं. दिवाणखान्याच्या प्रत्येक कोपऱ्याचा फोटो त्यांच्याकडे होता आणि त्याच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने अंतरं लिहिलेली होती. झाडलोट झाली की फोटोबरहुकूम सगळं जागच्या जागी. त्यामुळे नवरा घरात राजासारखा वावरायचा.

पण नट घरात किती दिवस वावरणार? कामावाचून तो वाळत चालला होता आणि ते बघून बाईंचा जीव तुटायचा. शेवटच्या चित्रपटात तो दिव्याच्या स्टँडला धडकला, तेव्हा नव्या चष्म्यावर खापर फोडून दोघांनी वेळ मारून नेली होती. तेव्हापासून कुणी बोलावलं नव्हतं. अशात एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. मोठी भूमिका आहे, बाकीचं भेटल्यावर बोलू, एवढंच तो म्हणाला. आज तो घरी यायचा होता. त्याला नुसता संशय आला तरी हातातोंडाशी आलेलं काम जाणार, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

"चुकलो तर?" नटाने विचारलं.

"तुम्ही कधी चुकला होतात? चुकायच्या त्या वस्तू. त्यांचं मी बघते."

दिग्दर्शक आला. नटाने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, त्याला सोफ्यावर बसवलं, कोपऱ्यातली वेताची खुर्ची कुरकुरते म्हणून तिची थट्टाही केली. गप्पा रंगल्या. दिग्दर्शक मात्र बोलता बोलता नटाच्या डोळ्यांकडे फार वेळ बघत होता. हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. कुणीतरी याचे कान भरले असणार, हे त्यांनी ताडलं.

मग त्याला कपाटावरचा कॅमेरा दिसला आणि सरांबरोबर एक फोटो हवाच, असा हट्ट त्याने धरला. बाईंनी काढून दिला. दिग्दर्शक तो फडफड हलवू लागला.

"हलवू नका," नट म्हणाला. "त्याने काही लवकर येत नाही."

दिग्दर्शकाचा हात थांबला. "मग तुम्हीच बघून सांगा, सर, कसा आलाय."

नटाने शांतपणे तळहात पुढे केला. फोटो हातात आल्यावर त्याच्या अंगठ्याने रुंद कड शोधली. ती नेहमी खालच्या बाजूला असते, त्यामुळे उलटासुलटा धरायची भीती नव्हती. "इतक्यात कुठला दिसतोय," म्हणत त्याने फोटो टीपॉयवर पालथा ठेवला आणि गप्पा पुढे चालू केल्या. बऱ्याच वेळाने तो उचलला, चाळिशी लागलेली माणसं धरतात तसा हात लांब करून धरला आणि खो खो हसला.

"माझी मान बघा, पुन्हा डावीकडे कललीये. आयुष्यभर कॅमेरामन ओरडत आले, पण ही काही सरळ व्हायला तयार नाही."

दिग्दर्शकाने वाकून पाहिलं. मान खरोखरच डावीकडे कललेली होती. तोही हसला आणि फोन करून येतो म्हणत गॅलरीत गेला.

बाईंचे कान तिकडेच होते. "हो, माझी खात्री पटली," तो कुणाला तरी सांगत होता. "आता वेळ घालवू नका. करार करून टाका."

बाईंना आनंद मावेना. त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट दाबला.

"कसं झालं?" त्याने हळूच विचारलं.

"रीटेकची गरजच नाही," त्या म्हणाल्या. असा अभिनय त्यांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता आणि त्यांना त्याचा मनापासून अभिमान वाटत होता.

दिग्दर्शक आत आला, पण बसला नाही.

"सर, रागावू नका," तो म्हणाला. "मी आत्ताच दुसऱ्या एका नटाला घ्यायला सांगितलं. तुमच्याबद्दल माझ्या कानावर भलतंच आलं होतं, आणि त्या आशेवर मी सगळ्यात आधी तुमच्याकडे आलो. पण तुम्ही फोटो बघितलात आणि विषयच मिटला. भूमिका आंधळ्याची आहे, आणि ज्याला खरोखर दिसत नाही असाच नट घ्यायचा, हे आमचं पहिल्यापासून ठरलंय."