बॉयलरवाला

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर. हाड मोडलेलं रुपरावला हातातल्या सळईतूनच कळलं. बॉयलरवाला कुरियन भिंतीला टेकून खाली घसरला.

"बस झालं गा," कामगारांचा पुढारी चंपतराव म्हणाला. "आता नेऊन टाका याले स्टेशनावर. मद्रासची गाडी धर म्हना."

कुरियन केरळचा, पण सगळ्यांच्या लेखी मद्रासीच. कळमेश्वर रस्त्यावरची ही तेलगिरणी जुना बॉयलरवाला वारल्यापासून आठ महिने बंद होती. सरकारी परीक्षा पास झालेल्या माणसावाचून बॉयलर पेटवता येत नाही, आणि तसा माणूस आसपास मिळेना. मालकाने हा पंचविशीचा पोरगा आणला, तेव्हा कुठे धुराड्यातून धूर निघाला आणि ऐंशी घरांतल्या चुली पेटल्या. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या रुपरावचीही पेटली. पण गरज सरो, वैद्य मरो. वर्षभरात लोकांच्या डोळ्यांत त्याचा पगार खुपू लागला. रुपरावला तर आयटीआय करून घरी बसलेला आपला पोरगा देवाजी सोडून दुसरं काही दिसेना.

"जाय देवाजी, बस त्याच्या जागेवर," चंपतराव म्हणाला. "तुयीच आहे ते."

देवाजी ऐटीत बसला. मारामारीत पाण्याचा पंप बंद पडला होता आणि बॉयलरमधलं पाणी आटत चाललं होतं. कोणाचंच लक्ष नव्हतं. एकाएकी वाफ किंचाळू लागली. लोक दाराकडे सरकले. देवाजी धडपडत उठला आणि पाणी सोडायला त्याने झडपेच्या चाकाला हात घातला.

"पानी नहीं," कुरियन जमिनीवरून ओरडला. "लोहा लाल है, फट जाएगा. आग निकालो!"

एकीकडे पोटचा पोरगा, दुसरीकडे आत्ताच हात मोडलेला परका. रुपरावने पोराला मानगूट धरून बाजूला फेकलं, लांब आकडा उचलला आणि धगधगते निखारे बाहेर ओढू लागला. पायाचं कातडं भाजलं तरी तो ओढत राहिला. बऱ्याच वेळाने वाफ बसली.

"वाचलो गा," चंपतराव पुटपुटला.

"उद्या कोन पेटवन हे?" रुपरावने विचारलं. चंपतरावने देवाजीकडे पाहिलं. देवाजीने मान खाली घातली.

भिंतीपाशी आता कोणी नव्हतं. मोडका हात पोटाशी धरून कुरियन फाटकाबाहेर पडला होता.

"साहेब, थांबा," म्हणत रुपराव भाजल्या पायांनी धावला. त्याच्यामागे चंपतराव, देवाजी, शेंगा निवडणाऱ्या बाया, सगळी गिरणीच रस्त्यावर आली. सगळे त्याला परत बोलवत होते.

कुरियनने एकदा वळून पाहिलं. तीच माणसं अंगावर धावून येत होती. तो जीव घेऊन पळत सुटला. रुपराव जितक्या कळवळून हाक मारी, तितका तो अधिकच जोरात पळे.