शनिवारची सुट्टी

"आमचे पणजोबा काळाच्या पुढे होते," पेढीचा तरुण मालक शताब्दीच्या पाहुण्यांना सांगत होता. "त्या काळीही दर शनिवारी नोकरांना सुट्टी द्यायचे!"

टाळ्या पडल्या, तसा सत्तरीच्या इर्माच्या अंगाचा तिळपापड झाला. हॅम्बुर्गची ही कापडपेढी तिच्या आजोबांनी थाटली होती. ते ज्यू, म्हणून नाझींच्या राज्यात ती याच्या पणजोबांच्या घशात गेली. भिंतीवरच्या इतिहासात आजोबांचं नावसुद्धा नव्हतं.

ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली. "शनिवार माझ्या आजोबांचा होता. त्या दिवशी काम करणं आमच्या धर्मात पाप. पेढी गिळलीत, आता त्यांचा शनिवारही तुमचाच का? आधी नाव लावा त्यांचं!"

मालक गोड हसला. "सोमवारी ऑफिसात या, मॅडम. आज शनिवार. पणजोबांची शिस्त आम्ही मोडत नाही."