घरचा सूर

“जेवलात का रे सगळे?” बंद फोन कानाला लावून तिने पहिले वाक्य ध्वनिमुद्रित केले. अशी चाळीस वाक्ये होती. विनोदी मालिकेतली आई मरून चालत नाही. म्हणून तिला कायमची गावी पाठवायचे आणि यापुढे केवळ फोनवर ऐकवायचे, असे लेखकाने ठरवले होते. ती भूमिका तिने अकरा वर्षे केली होती. डॉक्टरांच्या अंदाजाने आता तिच्याजवळ जेमतेम दोन महिने उरले होते.

चाळिसावे वाक्य संपल्यावर काचेपलीकडे बसलेली तिची मुलगी आत आली. “आई, एक माझ्यासाठी म्हण ना. ‘शमे, ऊठ, आठ वाजले!’ एवढंच.”

तिने म्हटले.

“असं नाही गं. घरी म्हणतेस तसं.”

तिने पुन्हा म्हटले. चार प्रयत्न झाले. चारही वेळा मालिकेतल्या आईचा, शेवटी हशासाठी किंचित थांबणारा सूरच लागला. ध्वनिमुद्रकाने मान खाली घातली.

“मग घरी कसं म्हणते मी?” तिने विचारले. “तूच म्हणून दाखव. मी अगदी तसंच म्हणते.”

मुलीने म्हणून दाखवले. तेही मालिकेतल्यासारखेच झाले.