शंभरापर्यंत

होडी उलटल्यावर दोन दिवस समुद्रात तरंगलेल्या नाखवाकाकांना मी माझं लिखाण वाचून दाखवलं. अजस्र लाटा, मृत्यूचा जबडा, काळजाचा थरकाप. काका जाळं विणता विणता ऐकत होते.

“वारा तासाभरातच पडला, ताई. समुद्र निवांत होता.”

“मग भीती कधी वाटली?”

त्यांचे हात थांबले. “रिकामा कॅन एकच. त्याला दोघांचा भार पेलेना. मी नि माझा भाऊ, शंभर मोजून आलटूनपालटून धरायचो. सकाळी माझे शंभर झाले. मी कॅन पुढे केला. त्याचा हात आलाच नाही.”

“मग?”

“मी परत एकपासून मोजायला लागलो.”

मी लाटा खोडल्या, जबडा खोडला. त्यांचं शेवटचं वाक्य तसंच उतरवलं आणि पेनाला टोपण लावलं.